डावीकडची जागा

"नाही जमलं," डायरेक्टर बानाती म्हणाले. सेटच्या मधोमध उभं राहून त्यांनी सोफ्याकडे, पडद्यांकडे, भिंतीवरच्या घड्याळाकडे एकेक करून पाहिलं आणि मान हलवली. "या खोलीत राहणाऱ्या नवराबायकोचं बरं चाललंय. मला वास येतोय त्याचा."

व्हेंडेल सबादोश यादी हातात घेऊन उभा होता. स्टुडिओत लागेल ते सामान जमवून आणायचं, हे त्याचं काम. नऊ वर्षांत त्याने काय काय आणलं नव्हतं? शववाहिका आणली, पाळीव अस्वल आणलं, एकदा तर एका खऱ्या बिशपची खुर्ची आणली आणि ती परत करताना आशीर्वादही मिळवला. पण गेल्या चार दिवसांत त्याने तीन बैठकीच्या खोल्या मांडल्या आणि तिन्ही साहेबांनी नापास केल्या. बोलपटाचं नाव होतं 'घटस्फोट, जेवणानंतर'. एक नवरा, एक बायको आणि दोघांचं एकाच खोलीत बसून दीड तास न पटणं. बानातींच्या मते बोलपटाचा खरा नायक ती खोलीच होती.

"साहेब, हा सोफा एका विधवेकडून आणलाय," व्हेंडेलने सांगून पाहिलं.

"मग नवरा गेल्यावर सुखात राहिली असेल ती. उद्यापासून शूटिंग आहे, व्हेंडेल. मला दुःखी घर पाहिजे. जमत नसेल तर आत्ताच सांग, मी दुसरा माणूस बघतो."

हे वाक्य बानाती ओरडून बोलले असते तर व्हेंडेलला एवढी धास्ती वाटली नसती. ते अगदी हळू बोलले. मग दोघं मिळून तेलेकी चौकातल्या जुन्या बाजारात गेले. तिथे मोडक्या खाटा होत्या, फुटके आरसे होते, पण साहेबांना दारिद्र्य नको होतं, दुःख हवं होतं, आणि ते बाजारात मिळेना. दोन तास धूळ खाऊन साहेबांचा घसा सुकला. व्हेंडेलचं घर दोन गल्ल्या सोडून होतं. "चला साहेब, सोडा घातलेली वाइन घेऊ ग्लासभर," तो म्हणाला. माणूस पाहुणचाराच्या भरात स्वतःच्या पायावर धोंडा पाडून घेतो तो असा.

घरात कुणी नव्हतं. बायको अरांका चार दिवसांपूर्वीच तिसा नदीकाठी बहिणीकडे गेली होती. सप्टेंबरात आलुबुखारं पिकली की दोघी बहिणी परसात कढई चढवून बसत आणि जॅम घट्ट होईपर्यंत पाळीपाळीने ढवळत. बारा दिवसांचं काम; अजून आठ दिवस तरी ती येणार नव्हती. व्हेंडेलने बैठकीची खोली उघडली. रविवारी दुपारच्या कॉफीला आणि कुणाच्या नामदिनाला, म्हणजे कॅलेंडरवर ज्याच्या नावाचा दिवस असेल त्याच्या सणाला, एवढ्यालाच ती उघडायची. एरवी सामानावर चादरी आणि खिडक्यांवर पडदे. त्याने पडदे सारले, सोफ्यावरची चादर ओढली आणि सवयीने आधी स्वतःच जाऊन डाव्या बाजूला बसला.

बानाती बसले नाहीत. ते खोलीच्या मध्यावर थबकले होते.

"कोण राहतं इथे?"

"आम्हीच, साहेब. मी आणि बायको."

"किती वर्षं?"

"अकरा."

बानाती जवळ आले आणि त्यांनी व्हेंडेलच्या खांद्यावर हात ठेवला. त्यांचा आवाज एकदम मऊ झाला होता. "अरे, मला कल्पनाच नव्हती. कामावर कधी दाखवलं नाहीस तू."

"नाही नाही, आमचं बरं आहे, साहेब."

"सगळे असंच म्हणतात." साहेब खोलीभर फिरू लागले. "या उशा बघ. यांना आजवर कुणाची पाठ लागलेली नाही. हे घड्याळ. आणि हा फोटोतला म्हातारा कोण, सोफ्याकडे टक लावून बघणारा?"

"सासरे. गादीकाम करायचे. हा सोफा त्यांनीच बनवला, मुलीला लग्नात दिला."

"म्हणजे म्हातारा मेल्यावरही पहारा देतोय. व्हेंडेल, पडद्यापासून फोटोपर्यंत हे सगळं उद्या सकाळी स्टुडिओत आण. काही बदलू नकोस. धूळसुद्धा झटकू नकोस."

धूळ नव्हतीच. अरांकाच्या घरात धुळीची काय बिशाद होती? व्हेंडेलने खरं तर तिथल्या तिथे 'नाही' म्हणायला हवं होतं. पण 'दुसरा माणूस' हे शब्द अजून त्याच्या कानात होते. शिवाय शूटिंग सहा दिवसांचं आणि अरांका यायला आठ दिवस. आठातून सहा गेले की दोन उरतात. हिशोब इतका सोपा निघाला की माणसाने तिथेच सावध व्हायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता सोफा जिन्यावरून उतरत असताना दारातच कोपाचीकाकू उभ्या. त्या इमारतीच्या राखणदारीण. अंगणाभोवती तीन मजल्यांच्या गॅलऱ्या, इतक्या सकाळी रिकाम्या; एरवी प्रत्येक गॅलरीत कुणीतरी चादर झटकत उभं असायचं. तरीही कोपाचीकाकूंच्या आधी कुणाला काही दिसल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

"काय हो सबादोशसाहेब, बायको जॅम करायला गेली आणि तुम्ही घर धुऊन न्यायला निघालात होय?"

"सिनेमासाठी आहे, काकू. सहा दिवसांत परत येईल. फक्त अरांकाला कळू देऊ नका."

"मी? मी कुणाला कधी काही सांगते का?"

कोपाचीकाकूंच्या पोटात आजवर फक्त त्यांनी खाल्लेलंच राहिलं होतं. व्हेंडेलने घाईघाईने त्यांना सिनेमा लागल्यावर पहिल्या खेळाची दोन तिकिटं द्यायचं कबूल केलं. काकूंनी तोंडावर बोट ठेवलं आणि दार सताड उघडून धरलं. आपण लाच देऊन तोंड बंद केलं, असं त्याला वाटलं. खरं तर त्याने त्यांना बोलायला नवा विषय दिला होता.

शूटिंग सुरू झालं. सिनेमातली बायको पडद्यांकडे बोट दाखवून नवऱ्याला म्हणायची, "या पडद्यांकडे बघितलं की मला जांभई येते, आणि तुमच्याकडे बघितलं की झोप." दिव्यावाले, सुतार, सगळे खो खो हसायचे. ते पडदे अरांकाने अख्खा एक हिवाळा बसून हाताने शिवले होते. व्हेंडेलला हसू आलं नाही. त्याला राग आला आणि तो कुणावर काढावा हे कळेना, कारण सामान त्यानेच आणलं होतं.

आणि तिसऱ्या दिवशी नायक दोब्रोशी सोफ्याच्या डाव्या बाजूला बसला.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, जी व्हेंडेलने अकरा वर्षांत कुणालाही सांगितली नव्हती. लग्नाच्या दिवशी सासऱ्यांनी सोफ्यावर थाप मारून सगळ्या पाहुण्यांसमोर म्हटलं होतं, "पन्नास वर्षं. यातली एक स्प्रिंग हलली तर माझं नाव बदला." पंधराव्या दिवशी डावीकडची स्प्रिंग हलली. नुसती हलली नाही, कापडाखालून वर आली आणि बसणाऱ्याला अशा ठिकाणी भेटू लागली की बोलून दाखवणं अवघड. त्याच रविवारी सासरे समोरच्या खुर्चीत बसून जावयाच्या चेहऱ्याकडे डोळे लावून होते. "कसं वाटतंय?" त्यांनी विचारलं. व्हेंडेल म्हणाला, "ढगावर बसल्यासारखं." म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याच हिवाळ्यात तो गेला. आता अरांकाला काय सांगणार? की तुझ्या बापाचा शब्द पंधरा दिवसही टिकला नाही?

तेव्हापासून ती जागा व्हेंडेलची. दर रविवारी तो तिथे बसायचा, उजवीकडची अरांकाला ठेवायचा. पाहुणे आले की त्याला धावत जाऊन बसावं लागायचं. बायकांच्या हाताचं चुंबन घेऊन, त्यांना बसवून मग पुरुषाने टेकायचं, ही रीत त्या शहरात पोरासोरांनाही ठाऊक. आणि हा बाबा बायका दारात असतानाच सोफ्यात. घरात अकरा वर्षं भांडण व्हायचं ते एवढ्या एकाच गोष्टीवरून. "तुम्हाला कुणी वळण लावलंच नाही," अरांका म्हणायची, आणि तो खाली मान घालून ऐकून घ्यायचा.

तर दोब्रोशी बसला. ऐसपैस माणूस होता. स्प्रिंगनेही त्याच मानाने स्वागत केलं. तो वीतभर उडाला आणि त्याच्या तोंडून जो आवाज निघाला तो कुठल्याही नाट्यशाळेत शिकवत नाहीत.

"अरे वा," बानाती सावकाश म्हणाले. "व्हेंडेल, हे तू मुद्दाम केलंस?"

"साहेब, दुसरा सोफा आणतो. तासाभरात आणतो."

"हात लावशील तर याद राख. नवरा बसतो, उडतो, आणि बायको म्हणते, 'माहेरचा सोफाही आता तुम्हाला घरात ठेवायला तयार नाही.' सात वेळा घेऊ."

सात वेळा घेतलं. व्हेंडेल दर वेळी डोळे मिटत होता. फोटोतले सासरे मात्र उघड्या डोळ्यांनी बघत होते.

सामान वेळेवर परत आलं. त्याने खिळ्यावर खिळा, उशीवर उशी लावली, चादरी घातल्या आणि दोन दिवसांनी अरांका जॅमच्या बरण्या घेऊन हजर झाली. दारातूनच तिने नाक वर केलं. "घरात सिगारेटचा वास येतोय."

"डायरेक्टरसाहेब आले होते, वाइन प्यायला."

"बैठकीत बसवलंत ना?"

"उभेच होते."

"म्हणजे तुम्ही आधी बसलात," ती म्हणाली आणि बरण्या लावायला गेली. संकट टळलं. पण बानातींचा मऊ आवाज काही व्हेंडेलच्या डोक्यातून जाईना. जेवताना तो बायकोकडे चोरून बघायचा. ती गप्प बसली तर त्याला धडधडायचं, बोलली तर वाटायचं काहीतरी लपवण्यासाठी बोलते आहे. एक दिवस त्याने सूप खाता खाता विचारलंच, "अरांका, तू सुखी आहेस ना?"

तिने चमचा खाली ठेवला. "काय मोडलंत?"

"काही नाही मोडलं."

"मग असले प्रश्न विचारू नका. पोटात धस्स होतं."

फेब्रुवारीत भिंतीवर पोस्टर लागलं आणि व्हेंडेलची झोप उडाली. सिनेमा रविवारी, आठ तारखेला लागणार होता. आठ फेब्रुवारी म्हणजे अरांका नावाच्या बायकांचा नामदिन. वाढदिवस लपवता येतो, नामदिन कॅलेंडरवर छापलेला असतो. साऱ्या इमारतीला ठाऊक. एका अर्थी बरंच होतं. पाहुणे येतील, दुपार जाईल, सिनेमाची आठवणही होणार नाही. तरी खबरदारी म्हणून त्याने आधीच सांगून ठेवलं होतं की तो बोलपट लढाईवर आहे आणि त्यात घोडे फार मरतात. अरांकाला घोडे मेलेले बघवत नसत. आठवडाभरात सिनेमा उतरेल, म्हणजे सुटलो, असं तो धरून चालला होता.

रविवारी बाराला घंटी वाजली. व्हेंडेल धावत जाऊन डावीकडे बसला. अरांकाने त्याच्यावर एक जळजळीत नजर टाकली आणि दार उघडलं. 'फांक' नावाचे तळलेले गोल गोड पाव, फुलांचे गुच्छ, दुसऱ्या मजल्यावरचे शिंपी नवराबायको, पोस्टात काम करणारी इर्माबाई, एकामागून एक आत आले. शेवटी ठेवणीतली टोपी घालून कोपाचीकाकू. त्यांच्या हातात पाकीट होतं.

"अरांकाबाई, ही साऱ्या इमारतीकडून भेट. सबादोशसाहेबांनी मला दोन तिकिटं कबूल केली. मी इर्माबाईंना म्हटलं, इर्माबाईंनी शिंपीणबाईंना. आता साहेब एकटे किती जणांना देणार? सगळ्यांनी आपापली काढली. बावीस जण आहोत. मग मी म्हटलं, ज्याचा सिनेमा त्याचीच बायको मागे कशी राहील? मधल्या रांगेत, तुम्हा दोघांच्या दोन खुर्च्या. आज चारचा खेळ."

व्हेंडेलने बसल्या जागेवरून पाकिटाकडे हात केला.

अरांकाने पाकीट उघडलं आणि वाचलं. "'घटस्फोट, जेवणानंतर'." तिने नवऱ्याकडे पाहिलं. "यात घोडे कुठे मरतात?"

"जेवणाच्या आधी," व्हेंडेल म्हणाला.

कोपाचीकाकू त्याच्या कानाशी वाकल्या. "मी बोलले नाही हं. पाच महिने. आयुष्यात पहिल्यांदा. प्रत्यक्षच बघू दे म्हटलं तिला, नामदिनाची गंमत." त्यांचा चेहरा अभिमानाने फुलला होता, आणि त्या माउलीने याच वेळी गप्प राहायला शिकावं याचं व्हेंडेलला रडू यायचं बाकी होतं.

तो कामाला लागला. आधी त्याची दाढ दुखली. अरांकाने दाढेखाली लवंग दिली आणि म्हणाली, सिनेमात दुखणं विसराल. मग बाहेर बर्फ पडायला लागला असं त्याने सांगितलं. शिंपी म्हणाला, थिएटर कोपऱ्यावरच तर आहे. शेवटी तो तिला स्वयंपाकघरात बाजूला घेऊन म्हणाला, "नको जाऊ या, अरांका. मी सांगतो म्हणून. नको."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "सगळ्यांनी हौसेने तिकिटं काढलीत. न जायला कारण काय सांगू?"

कारण त्याच्या जिभेवर होतं. अकरा वर्षं तिथेच होतं. पण दारात कोपाचीकाकू कोट घालून उभ्या होत्या. त्याने तिचा कोट पुढे धरला आणि अरांकाने टोपी घातली.

थिएटर भरलेलं होतं. मधल्या रांगेत अरांका, तिच्या डावीकडे व्हेंडेल, आणि पुढे-मागे-बाजूला सगळी इमारत. दिवे गेले. गाणं झालं, नावं झाली, आणि पडद्यावर भिंतीएवढी मोठी त्यांची बैठकीची खोली उघडली.

हे बावीस जण तीन तासांपूर्वीच त्या खोलीत बसून फांक खाऊन आले होते. त्यांना ओळखायला वेळ लागला नाही. शिंपीणबाईंनी श्वास आत घेतला तो ऐकू आला. इर्माबाईच्या हातातली लिमलेटची पुडी कुरकुरत होती ती थांबली. पडद्यावरची बायको म्हणाली, "या पडद्यांकडे बघितलं की मला जांभई येते..." आणि थिएटर हसलं. पुढून हसलं, मागून हसलं, बाल्कनी हसली. मधले बावीस जण मात्र प्रार्थनेला बसावं तसे बसून राहिले.

व्हेंडेल बायकोकडे बघायचं टाळत होता. त्याला तिचे फक्त हात दिसत होते. मांडीवर, पिशवीवर, एकावर एक ठेवलेले. ते हलत नव्हते. पडद्यावर उशा फेकल्या गेल्या, घड्याळाला नावं ठेवली गेली, सासऱ्यांच्या फोटोसमोर नायकाने जीभ काढून दाखवली. हात हलले नाहीत. आपला संसार आता या हातांवर आहे, असं त्याला वाटलं, आणि आपण ही बाई गमावली तर आपल्याला रविवार उरणार नाही हे त्याला त्या अंधारात लख्ख कळलं.

मग दोब्रोशी सोफ्याकडे चालत निघाला.

"चल, बाहेर जाऊ," व्हेंडेल कुजबुजला.

"शू," अरांका म्हणाली.

दोब्रोशी डावीकडे बसला. उडाला. तो आवाज निघाला. थिएटरमध्ये असा हशा पिकला की पडद्यावरच्या बायकोचं पुढचं वाक्य कुणाला ऐकूच आलं नाही. अरांकाचे हात एकदम पिशवीवर घट्ट झाले. आणि बऱ्याच वेळाने तिने मान वळवली. ती पडद्याकडे बघत नव्हती. ती नवऱ्याकडे बघत होती, आणि सिनेमा संपेपर्यंत तशीच बघत राहिली.

परतताना दोघं पुढे आणि बावीस जण दहा पावलं मागे, एखाद्या अंत्ययात्रेसारखे. दारात कोपाचीकाकूंनी "अरांकाबाई, आम्हाला खरंच..." एवढं म्हटलं. अरांका म्हणाली, "तिकिटांबद्दल आभार," आणि जिना चढू लागली.

घरात येऊन तिने टोपी काढली. कोट खुंटीला लावला. व्हेंडेल दाराशीच उभा होता. ती बैठकीच्या खोलीत गेली, दिवा लावला आणि म्हणाली, "पडदे उलटे लावले होते."

"काय?"

"सिनेमात. शिवण बाहेर. सगळ्या शहराला माझे उलटे टाके दिसले." तिने पडद्याची कड बोटात धरली. "जॅमच्या वेळी नेलंत ना?"

"हो."

"आपल्याच खोलीला दुःखी घर म्हणून कुणी पसंत केलं?"

"बानातींनी."

"त्यांचं लग्न झालंय?"

"तीनदा."

"मग त्यांना काय कळतंय," अरांका म्हणाली. तो विषय तिथे संपला. व्हेंडेल दारापासून एक पाऊल आत आला. पण ती सोफ्याकडे वळली आणि तो जागीच थांबला. तिने चादर ओढली. उजवीकडच्या आपल्या जागेकडे एकदा पाहिलं आणि मग डावीकडे गेली.

"तिथे नको," तो म्हणाला.

ती बसली. दोब्रोशीसारखी उडाली नाही. तिचे डोळे मोठे झाले, ओठ घट्ट मिटले, आणि ती पाठ ताठ ठेवून बसून राहिली. खालून स्प्रिंगचा बारीक आवाज आला.

"कधीपासून?" तिने विचारलं.

"लग्नानंतर पंधरा दिवसांनी."

"आणि बाबांना ढगावर बसल्यासारखं म्हणालात, ते..."

"हो."

"दर रविवारी. आणि पाहुणे यायच्या आधी धावत येऊन बसायचात, ते याच्यासाठी. मी तुम्हाला वळण नाही म्हणायचे. इर्माबाईंच्या देखत म्हणायचे."

"तू म्हणालीस ते बरोबरच होतं, दिसायला."

अरांकाला रडू आलं. ती सहसा रडत नसे, त्यामुळे तिला ते नीट जमेना; एक डोळा आधी, एक नंतर. "अहो, बाबा चार महिने होते त्यानंतर," ती म्हणाली. "एका शब्दाने सांगितलं असतंत तर त्यांनी उलटा करून पाच मिनिटांत बसवली असती स्प्रिंग. पाच मिनिटांचं काम होतं."

व्हेंडेलला हे अकरा वर्षांत सुचलंच नव्हतं.

"मूर्ख माणूस आहात तुम्ही," ती म्हणाली, आणि हे तिने इतक्या मायेने म्हटलं की त्याला बानातींना बोलावून आणावंसं वाटलं. "आता कॉफी करा. आणि इकडे उजवीकडे बसा. बघा तरी मी अकरा वर्षं कुठे बसत होते."

तो उजवीकडे बसला. खरोखरच ढगावर बसल्यासारखं वाटलं. म्हाताऱ्याने काम चोख केलं होतं. एक जागा सोडून.

"उद्या गादीवाल्याला बोलावतो," तो म्हणाला.

"बाबांच्या टाक्यांना परका हात लागणार नाही," अरांका म्हणाली. "आता मी बसेन इथे. तुमची पाळी झाली."

"छे. मला सवय झालीय. तू कशाला?"

"आता पुढची अकरा वर्षं माझी आहेत."

"अगं, पण मी ऐकणार नाही."

हा वाद त्या दिवशी मिटला नाही. पुढच्या रविवारीही मिटला नाही. ऑक्टोबरात व्हेंडेलचा नामदिन आला. बाराला घंटी वाजली, दार नुसतं लोटलेलं होतं. इर्माबाई, शिंपी नवराबायको आणि सगळ्यांत पुढे कोपाचीकाकू गुच्छ घेऊन आत आल्या आणि बैठकीच्या उंबऱ्यातच थांबल्या. आत सबादोश नवराबायको सोफ्याच्या एकाच टोकाला, एकमेकांना कोपराने ढकलत होते. "उठा म्हणते ना." "तू उठ आधी." उजवीकडची अख्खी जागा रिकामी होती.

पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं. कोपाचीकाकूंनी सगळ्यांना हळूच मागे, गॅलरीत आणलं आणि दार ओढून घेतलं.

"बघितलंत?" त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "किती चांगला संसार होता. त्या सिनेमाने वाटोळं केलं."